ताई, पाहाचं भाडं लागते

ताई, तेरवी होऊन गेली. मांडववाला खुर्च्या घेऊन गेला, पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले, आणि घरात आता तुमचा भाऊ, मी आणि तो कॉम्प्युटर एवढेच उरलो. दुपारचं आटोपलं की माझे पाय आपोआप समोरच्या खोलीकडे वळतात. तुमची खुर्ची तशीच आहे. तिच्या बाजूला माझी निळी पेटी, लग्नात अल्लीपूरहून आलेली, जिच्यावर उशी टाकून मी बसायची. जाते, पेटीवर बसते, उठते, चहा ठेवते, चहा उतू जातो, पुन्हा येऊन बसते. काल तुमचा भाऊ म्हणाला, "एका जागी बस न जराशी. काय घिरट्या घालून राह्यली?" मी म्हटलं, "बहीण तुमची गेली, तुम्ही बसा." असं बोलायला नको होतं. पण माझं तोंड तुम्हाला माहीत आहे.

तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती, बोरगावातल्या किती पोरांना तुम्ही गणितात पास केलं, हे सगळं तुमच्या भावानं पेपरात चौकट करून दिलं, फोटोसकट. फोटो तुम्हाला मुळीच आवडला नसता. माझ्या निखिलच्या बारशातला आहे, अर्धं पोर कापून टाकलं आहे. मला जे लिहायचं ते त्या चौकटीतलं नाही. आपलं भांडण अर्धं राहिलं. नणंद-भावजयीचं भांडण असं अर्ध्यावर टाकून कोणी जातं का? आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायची होती, तीही राहिली. लिहिताना मी 'मला' लिहिते, कारण तुम्ही असत्या तर लाल पेनानं 'मले' खोडलं असतं. बोलायला मात्र तुम्हीही 'मले'च म्हणायच्या. ढोंगी कुठच्या!

निखिल पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि जुना कॉम्प्युटर घरी ठेवून गेला. मी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल टाकून वर गणपती बसवला होता. तुम्ही एक दिवस गणपती उचलला, रुमाल काढला. "देवाले घरात दुसरी जागा नाई का?" म्हणाल्या. मला वाटलं शिकवणीच्या पोरांसाठी काही पाहायचं असेल. दोन-चार दिवसांनी दुपारी ताक घेऊन आले तर काय, पडद्यावर हिरवं गोल टेबल, भोवती माणसांची नावं, आणि पत्ते!

"अवो ताई! जुगार?"

"जुगार कायचा? फुकटचे चिप्स हायेत, खोटे पैसे. हरले तं उद्या अजून देते तो."

"मंग याच्यात फायदा काय?"

"तू सिरियल पाहते रोज, त्याच्यात काय फायदा होते?"

बोलण्यात हरले की मला राग येतो. ताक तिथेच आपटून गेले. पण गेले कुठे, दारापर्यंत. तिथून वळून पाहू लागले.

आपल्या घरात पत्ते म्हणजे पुरुषांचा मामला. लक्ष्मीपूजनाला गच्चीवर तीन पत्तीचा डाव बसायचा. बाबा, म्हणजे आपले सासरे-वडील जे म्हणा ते, मोठे काका, तुमचा भाऊ, दुकानाचे शेजारी. खालून आपण भजी तळून पाठवायची. मला पत्त्यांचा फक्त आवाज माहीत. तुम्ही मात्र लहानपणापासून ताटं पोचवता पोचवता जिन्यात थांबून डाव पाहायच्या, हे तुम्ही मला पहिल्यांदा त्या कॉम्प्युटरपुढे सांगितलं. बाबांनी कधी ओळखलं नाही की भजी गार का येतात.

आणि तुम्ही मला शिकवायला बसवलं. शिकवणीच्या पोरीसारखं. दोन पत्ते आपल्या हातात, ते कोणाला दिसत नाहीत. पाच पत्ते टेबलावर हळूहळू उघडतात, ते सगळ्यांचे. दोन्ही मिळून ज्याचे पाच चांगले तो जिंकला. मधे प्रत्येकाची पाळी येते तेव्हा बटणं येतात. "फोल्ड म्हंजे टाक. कॉल म्हंजे त्याच्याएवढे लाव अन् पाह्य. रेज म्हंजे वाढव. बस, एवढंच हाय. आता याच्यातलं सगळ्यात मोठं बटण कोणतं?"

मी म्हटलं, "वाढवाचं."

"टाकाचं," तुम्ही म्हणाल्या.

इथेच आपलं पहिलं वाजलं. मला टाकताच येईना! ज्या बाईनं आयुष्यात शिळी पोळी टाकली नाही, कुस्करा करून खाल्ली, ताटात वाढलेलं वाया घालवू नये हे ऐकतच जी मोठी झाली, तिला तुम्ही सांगता की हातात आलेले पत्ते फेकून दे. दुर्री आणि सत्ती आली तरी मी म्हणायची, "राहू द्या न, आले बिचारे, काहीतरी होईन." होत काहीच नव्हतं. तासाभरात आपले सगळे चिप्स साफ. तुम्ही कपाळाला हात लावला. "शालू, हे अन्न नाई. हे टाकलं तं पाप लागत नाई. बहुतेक डाव टाकाचेच असतात. जो कमी खेळते तोच टिकते." मला ते पटायला एक अख्खा उन्हाळा लागला. पुढे एखादी दुर्री-सत्ती मी न सांगता टाकली की तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारायच्या, आणि मला उगाच शाळेत नंबर आल्यासारखं वाटायचं.

नाव तुम्ही 'सेठजी' टाकलं होतं. कुठकुठली माणसं त्या टेबलावर यायची, दिल्लीची, दुबईची, कोण जाणे खरंच तिथली की नाही. "सेठजी, बडा संभल के खेलते हो," असं लिहायची. आणि इकडे सेठजी म्हणजे दोन बाया, एकीच्या बोटांना खडू, दुसरीच्या हाताला कणीक. आपण किती हसायचो! मी एकदा हसताना पेटीवरून घसरले तर तुम्ही आधी डाव संपवला आणि मग मला उचललं.

तुम्ही सांगितलेलं सगळं मला आठवतं, ताई, आणि त्याचाच त्रास होतोय. जागेचं सांगितलं होतं. ज्याची बोलायची पाळी शेवटी येते तो फायद्यात, कारण त्यानं बाकीच्यांचं ऐकलेलं असतं. पहिल्यांदा बोलावं लागलं तर फार चांगले पत्ते असल्याशिवाय तोंड उघडू नये. मला काही केल्या समजेना. मग तुम्ही म्हणाल्या, "घरात शेवटी कोण जेवते?" मी म्हटलं, "आपण." "मंग घरातलं सगळं कोणाले माईत राह्यते?" झालं, समजलं. रागाचंही सांगितलं होतं. राग आला की उठायचं, पाणी प्यायचं, त्या दिवशी बसायचंच नाही. हे तर तुम्ही केवळ माझ्यासाठी शोधून काढलं असणार.

लाईन गेली त्या दिवसाचं आठवतं? उन्हाळा, दुपारचं लोडशेडिंग कधी होईल त्याचा नेम नाही. आपल्या हातात दोन राजे. टेबलावर तिसरा उघडला. समोरचा वाढवत चालला होता, मी तुमचा दंड धरून नाचत होते, आणि गप्पकन पडदा काळा. पंखा थांबला. तुम्ही खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, "गेली तं गेली." मी कशाची ऐकते! वीज ऑफिसात फोन लावला. "अवो भाऊ, आमचे तीन राजे अडकून राह्यले!" तो बिचारा म्हणाला, "कोणते राजे बाई? कुठं अडकले? लिफ्टमदी का?" तुम्ही पदर तोंडात कोंबून हसत होत्या. ते हसणं मला आता कानात ऐकू येतं आणि मी पुन्हा उठून चहा ठेवते.

तुम्ही तो खेळ घरभर आणला. बाजारात भाजीवालीशी माझी जुंपली की मागून तुमचा आवाज यायचा, "टाक, शालू." हिंगणघाटच्या लग्नात त्या लांबच्या मामीनं निखिलच्या मार्कांवरून टोमणा मारला, मी बाह्या सावरत होते, तर तुम्ही कानात म्हणाल्या, "दुर्री-सत्ती हाय, सोड." मी खरंच सोडलं. मामीच गोंधळली. खरं सांगू, तुम्ही माझी कितीतरी भांडणं वाचवली. तेव्हा आभार मानले असते तर जीभ झडली नसती माझी.

पण एक खोड गेली नाही. मला पाहायचं असायचं. आपण हरतोय हे दिसत असूनही, शेवटी समोरच्याकडे होतं तरी काय, ते मला पाहिल्याशिवाय चैन पडत नव्हतं. "लावा न थोडेसे, पाहू तं द्या!" तुम्ही दोनदा-तीनदा लावू दिलं. मग एक दिवस माऊसवरचा माझा हात धरला. "शालू, पाहाचं भाडं लागते. हारलो हे माईत असून बी फक्त पाहाले पैसे भरतेस तू. नवीन माणूस याच्यातच बुडते." मी म्हटलं, "अन् त्यानं टाकले तं? तवा तं फुकटात दाखवाले पाहिजे न." तुम्ही म्हणाल्या, "टाकलेले पत्ते कोणी दाखवत नाई. अन् मागाचे बी नसतात. ज्यानं टाकले त्याचे ते."

एवढं बोलून तुम्ही खिडकीबाहेर पाहत राहिल्या. तेव्हा मला कळलं की आपण पत्त्यांबद्दल बोलत नाही आहोत.

समुद्रपूर. तुमच्या सासरच्या गावाचं हे नाव आपल्या घरात वीसेक वर्षं कोणी घेतलं नाही. माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा तुम्ही तिकडून बसनं आल्या, एक पिशवी घेऊन, आणि परत गेल्या नाहीत. का आल्या, कोणाला सांगितलं नाही. नवरा मारत होता का, दारू होती का, दुसरी बाई होती का, की तुमचंच काही होतं, सगळ्यांनी आपापल्या परीनं लावून घेतलं. मीही लावून घेतलं, दर दोन वर्षांनी नवीन. एकाच स्वयंपाकघरात एवढी वर्षं, माझं बाळंतपण, एकमेकींची आजारपणं, तुमच्या पाठीला मी तेल लावलं, माझ्या निखिलला तुम्ही अक्षर शिकवलं, आणि ही एवढी एक गोष्ट तुम्ही मला सांगितली नाही. मला ती रुतायची, ताई. मी परकी होते का?

गेल्या हिवाळ्यात तिकडून बातमी आली की तुमचे मालक वारले. तुम्ही आंघोळ केली आणि पोरांना अपूर्णांक शिकवायला बसल्या. मला वाटलं, आता तर माणूसच राहिला नाही, आता बोलतील. मी उन्हाळ्यापर्यंत थांबले. माझ्यासाठी ते खूप होतं. मग त्या दिवशी अंगणात कुरड्या घालताना माझ्याच्यानं राहवलं नाही.

"ताई, एकदाचं सांगून टाका. समुद्रपूरले काय झालतं?"

तुमचा साचा थांबला. "काऊन पाहिजे तुले?"

"काऊन म्हंजे? मी कोणी नाई का तुमची?"

"तू हायेस म्हणूनच नाई सांगत."

याचा अर्थ काय, ताई? मी तेव्हा अर्थ विचारला नाही, भांडले. काय काय बोलले. शेवटी म्हटलं, "सारं घर तुमच्यासाठी झिजलं अन् तुम्ही आमाले दाराबाहेर ठेवलं." तुम्ही हात धुतले आणि आत गेल्या. दुपारी मी सवयीनं पेटीवर येऊन बसले, तर तुम्ही कॉम्प्युटर बंद करून ठेवला होता. "आज तू रागात हायेस. आज नाई खेळाचं." त्यानंतर आठवडाभर आपण खेळलो नाही. मीठ दे, दूध आलं, फोन वाजून राह्यला, एवढंच बोललो.

आणि त्या सकाळी जास्वंदीची फुलं तोडताना तुम्ही खिडकीतून आत पाहिलं. मी भाजी चिरत होते. "शालू, आज दुपारी बसू," म्हणाल्या. मी मान वर केली नाही. नुसतं 'हं' केलं. पण आतून इतकं हलकं वाटलं की मी दुपारसाठी शेंगदाणे भाजायला काढले. ते परातीतच राहिले. तुम्ही फुलांच्या परडीशेजारी पडलेल्या होत्या आणि डॉक्टर यायच्या आत सगळं संपलं होतं. माझा राग आता कोणावर काढू? दुपारी बसू म्हणून सांगून गेल्या तुम्ही!

आता तेरवीचं ऐका. पंगती उठल्या होत्या. मी स्वयंपाकघरात उरलेलं काढून ठेवत होते, तेवढ्यात एक म्हातारी दाराशी आली. पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी, पायावर धूळ. मी ओळखलं नाही. तिनंच सांगितलं, "मी कुसुम. समुद्रपूरची. विमलची नणंद."

तुमची नणंद, ताई! माझ्या नणंदेची नणंद. माझ्या हातातली पळी तशीच राहिली. तिला जेवायला वाढलं, तर तिनं दोन घास घेतले आणि ताट सारलं. पंगतीचे पाट उचलून झाले होते, म्हणून समोरच्या खोलीत नेलं. तुमच्या खुर्चीत ती बसायला तयार होईना. पेटीवर बसली. मी उभीच.

"बाई," ती म्हणाली, "विमल काऊन निघून गेली, हे आता फक्त मले माईत हाय. माहा भाऊ गेला, ती गेली. मी बी आज हाय, उद्या नाई. कोणाले तरी सांगून मोकळं व्हाचं हाय मले. तू तिच्या जवळची. तुले सांगतो."

ताई, एवढी वर्षं ज्यासाठी मी जळले ते चालत घरी आलं होतं. मला फक्त 'सांगा' म्हणायचं होतं. तेवढंच. माझं तोंड उघडलंही होतं.

आणि तुमचा हात माझ्या हातावर आला. माऊसवर धरायच्या तसा. आता याला कोणी वेड म्हणो.

मी विचार करायला लागले, जो मी कधी करत नाही. यात माझं काय जिंकायचं आहे? काहीच नाही. तुम्ही तर गेलात. तुमची चूक निघाली तर ती मी कुठे ठेवू? त्यांची निघाली तर मेलेल्या माणसाशी भांडायला कुठे जाऊ? फक्त पाहायचं होतं. आणि पाहायचं तर भाडं लागणार, आणि ते भाडं तुमच्या खिशातून जाणार होतं. तुम्ही वीस वर्षं ते पत्ते पालथे धरून बसल्या होत्या. जिवंतपणी माझ्यासारख्या बाईला पुरून उरल्या. आणि मी तुमच्या तेरवीच्या दिवशी ते उलटून पाहू?

"मावशी," मी म्हटलं, "नोका सांगू. तिनं टाकलेले पत्ते हायेत ते. मले नाई पाहाचे."

"कोणते पत्ते?" ती गांगरली. "मी पत्त्याचं नाई बोलून राह्यली वो बाई. मी विमलचं बोलून राह्यली."

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू फुटलं. तिथेच जमिनीवर बसले आणि तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले, तेरा दिवसांत रडले नव्हते तेवढं. तीही रडली. कशासाठी रडली मला माहीत नाही. तिला मोकळं व्हायचं होतं, आणि मी तिला तसंच भरल्या मनानं परत पाठवलं, हे मला टोचतंय. तिला स्टँडवर सोडायला गेले. गाडीत चढताना तिनं मागे वळून विचारलं, "खरंच नाई पाहिजे?" मी मान हलवली. गाडी सुटली. आणि ताई, गाडी फाटकातून वळेपर्यंत माझे पाय तिच्या मागे धावायला निघाले होते. मी खांबाला धरून उभी राहिले. लोक पाहत होते.

तेव्हापासून हे असं चाललं आहे. बसवत नाही. परवा भाजीच्या निमित्तानं पुन्हा स्टँडवर गेले. समुद्रपूरची गाडी लागलेली होती, कंडक्टर ओरडत होता. मी तिच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. उद्या नाही चढणार असं छातीठोक सांगत नाही तुम्हाला. तुम्ही मला ओळखता. पण आजपर्यंत चढले नाही.

काल कॉम्प्युटर लावला. 'सेठजी' नावानं बसले. कोणीतरी लिहिलं, "सेठजी, बहुत दिन बाद!" एक डाव आला, राणी आणि तिर्री. जुनी शालू खेळली असती. मी टाकले आणि बंद करून उठले.

आता ती राहिलेली गोष्ट.

एकदा आपल्याजवळ काही नसताना तुम्ही वाढवत गेल्या आणि समोरच्यानं चांगले पत्ते टाकून दिले. मी थक्क. तेव्हा सांगितलं होतं, "खोटं बोलाचं तं पयल्यापासून एकच गोष्ट सांगाची, मधात बदलाची नाई. अन् जिंकलो तरी आपले पत्ते दाखवाचे नाई. दाखवले का पुढच्या टायमाले कोणी भेत नाई." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुले तं नाईच जमाचं हे. तुया तोंडावर सारं दिसते." मी पेटीवर बसून नुसती हसले.

दर भाऊबीजेला तुम्ही भावाला ओवाळताना म्हणायच्या, "तू उभा राह्यला म्हणून मी या घरात हाय." तो मान खाली घालायचा. मी सुपारी कातरत बसायची आणि दात-ओठ खायची. तो उभा राहिला नव्हता, ताई. वाईट नाही तो, पण बापापुढे त्याचं तोंड कधी उघडलं नाही, त्या दिवशीही नाही. तुम्ही समुद्रपूरहून आल्या त्या संध्याकाळी मागच्या खोलीत पडून होत्या. बाहेर बाबा आणि मोठ्या काकांनी ठरवलं होतं की तुम्हाला सकाळच्या गाडीनं परत पोचवायचं, लोक काय म्हणतील. तुमचा भाऊ पंख्याकडे पाहत होता. मी पाणी घेऊन गेले, सगळं ऐकलं, आणि आत जाऊन माझी निळी पेटी ओढत आणली आणि बैठकीच्या मधोमध ठेवली. म्हटलं, "ताईले पाठवत असान तं मले बी अल्लीपूरच्या गाडीत बसवून द्या. ज्या घरात लेकीले जागा नाई, तिथं सुनेले कायची राह्यन? मी सामान भरलं."

अल्लीपूरला मला कोण उभं करणार होतं? बाप गेलेला, भावानं लग्न लावून हात झटकलेले. मला जायला या जगात एक ओसरी नव्हती. पण बाबांनी पेटीकडे पाहिलं. एका दिवशी एकाच घरातून दोन बाया निघाल्या तर बाजारात काय तोंड दाखवणार, हे त्यांच्या कपाळावर मला दिसत होतं. मग म्हणाले, "चहा ठेव." आणि तुम्हाला परत पाठवायचं त्या घरात पुन्हा कोणी बोललं नाही.

हे मी तुम्हाला कधी दाखवलं नाही. आधी भीती होती, पुन्हा कधी गरज पडली तर कोणी घाबरणार नाही. नंतर तुमचा भावावरचा जीव पाहून दाखवलं नाही. तुम्ही त्या पेटीशेजारी इतक्या दुपारी बसल्या, कधी विचारलंही नाही की हिला कडीजवळ एवढा ओरखडा कशानं पडला.

आता पुढचा डाव नाही. तुमचे पत्ते मी पाहिले नाहीत, पण माझे तुम्हाला दाखवते. बाबांनी उठून नुसती एक कडी धरली असती, तरी एका बोटानं वर आली असती.

पेटी रिकामी होती, ताई.